विश्लेषण : पुरानंतर संगणक पुन्हा उभा राहिला, पण त्यातले फोटो-व्हिडीओ का उघडत नाहीत?

महाड शहर २२ जुलै २०२१ रोजी पाण्याखाली गेले. पाणी ओसरल्यावर घरांसमोर चिखलाने भरलेल्या गाद्या, फ्रीज, कपाटे यांचे ढीग लागले आणि त्या ढिगात टीव्हीला जोडलेले घरचे संगणकही होते. त्यानंतरच्या दोन महिन्यांत ज्यांनी नवा संगणक घेतला, किंवा जुन्यातले वाचलेले भाग वापरून पुन्हा जोडून घेतला, त्यांच्या यंत्रात सर्वसाधारणपणे विंडोज १० आली, कारण विंडोज ११ बाजारात येईपर्यंत ५ ऑक्टोबर उजाडला होता. आता त्या विंडोज १०चा नेहमीचा सपोर्टही मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला आहे. पुरातून सावरून उभे केलेले यंत्र चार वर्षांत पुन्हा बेवारस झाले. मात्र घरच्या संगणकाच्या बाबतीत यंत्र बदलणे हे काम तुलनेने सोपे असते. अडते ते त्यातले फोटो, लग्नाच्या सीडी, पालखीचे चित्रीकरण, आजीच्या आवाजातल्या ओव्या ज्या सॉफ्टवेअरमधून पाहिल्या-ऐकल्या जात होत्या, ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्यानेच सोडून दिलेले असते तेव्हा.

पुरात नेमके काय भिजले?

सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूर तालुक्यातून खाली उतरते आणि महाडजवळ गांधारी व काळ या नद्यांचे पाणी घेऊन बाणकोटच्या खाडीकडे जाते. २०२१च्या त्या २४ तासांत महाबळेश्वरला जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस झाला. वरचा लोंढा आणि खालून भरतीचे पाणी अशा कात्रीत महाड सापडते, २००५च्या जुलैतही सापडले होते. २२ जुलैलाच महाड तालुक्यातल्या तळीयेवर दरड कोसळली आणि ८०हून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथेही दरडी आल्या. जिथे माणसेच गेली तिथे संगणकाची गोष्ट काढणे संकोचाचे वाटते. पण अशा वाडीत पूर्वी काढलेल्या लग्नाच्या व्हिडीओत, गणपतीच्या फोटोंत मागे दिसणारे अंगण आणि बाकावर बसलेली माणसे आता फक्त तिथेच उरली आहेत, आणि तो व्हिडीओ मुंबईतल्या एखाद्या चाकरमान्याच्या जुन्या संगणकावर असेल तर तो उघडणे याला वेगळे मोल आहे.

या भागात घरचा संगणक हा बहुधा कामाचा संगणक नसतोच. मुलाच्या एमएससीआयटीसाठी किंवा अकरावीच्या निमित्ताने घेतलेले, स्थानिक दुकानदाराने असेंबल करून दिलेले यंत्र काही वर्षांनी हॉलमध्ये टीव्हीच्या खाली जाऊन बसते. त्यावर गाणी, सिनेमे, वीरेश्वराच्या छबिन्याचे चित्रीकरण, शिमग्याची पालखी, गावच्या जाखडीचे व्हिडीओ साठत जातात. पोलादपूरच्या ढवळी-कामथी खोऱ्यातल्या वाड्यांमध्ये पावसाळ्यात वीज आणि मोबाइलची रेंज दोन्ही येऊन-जाऊन असतात, त्यामुळे 'सगळे ऑनलाइन मिळते' हे शहरी उत्तर तिथे चालत नाही. डिस्कवर असेल तेच दिसते.

भिजलेली हार्ड डिस्क वाचते का?

वाचू शकते; मात्र पहिल्या दिवशीच घाईने ती संपवली जाते. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये आत फिरणाऱ्या तबकड्या असतात आणि त्यांच्यापासून केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी अंतरावर वाचणारे टोक तरंगत असते. बहुतेक डिस्क हवाबंद नसतात, हवेचा दाब समान राहावा म्हणून त्यांना एक बारीक छिद्र असते. पुराचे पाणी तिथून शिरते आणि सोबत गाळ आणते. अशी डिस्क 'चालते का बघू' म्हणून वीज देऊन फिरवली की गाळाचा कण तबकडीवर ओरखडा काढतो आणि त्या ओरखड्याखालची माहिती कायमची जाते.

दुसरी चूक वाळवण्याची. उन्हात ठेवणे, हेअर ड्रायर मारणे, तांदळाच्या डब्यात पुरणे हे उपाय भाताच्या मुलखात सहज सुचतात. पण पाणी आटले की त्यातला गाळ आणि क्षार तबकडीवर घट्ट बसतात. म्हणून डेटा रिकव्हरी करणारे उलटेच सांगतात: डिस्क वाळवू नका, ओलसर फडक्यात गुंडाळून बंद पिशवीत घाला आणि लवकरात लवकर प्रयोगशाळेत पोहोचवा. पुण्या-मुंबईत हे काम होते, खर्चिक असते, आणि यशाची खात्री कोणी देत नाही. त्यामुळे कोणत्या डिस्कसाठी तो खर्च करायचा हे घरच्यांनीच ठरवायचे. सिनेमांच्या डिस्कसाठी करू नये. वडिलांचा आवाज असलेल्या एकमेव डिस्कसाठी विचार करावा.

एसएसडी आणि पेनड्राइव्हमध्ये फिरणारे काही नसते, म्हणून त्यांची शक्यता अधिक चांगली. इथे धोका गंजाचा आणि शॉर्ट सर्किटचा असतो. स्वच्छ पाण्याने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन पूर्ण सुकेपर्यंत वीज देऊ नये. सीडी-डीव्हीडी स्वच्छ पाण्यात धुऊन मऊ फडक्याने मधून कडेकडे पुसल्या तर बऱ्याच चालतात. व्हिडीओ कॅसेट मात्र ओली असताना व्हीसीआरमध्ये घालू नये, फीत चिकटते आणि तुटते. शिवाय आता व्हीसीआरच मिळणे कठीण. जगात ते बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, २०१६च्या जुलैत थांबली.

यंत्र पुन्हा जोडताना काय ठेवावे?

पुराच्या पाण्यात बुडालेला एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, पुन्हा वापरू नये. तो उघडूही नये, कारण प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये विजेचा भार राहतो. यूपीएसची बॅटरीही बदलावी. प्रोसेसर आणि रॅम धुऊन, सुकवून बहुतेक वेळा चालतात. मदरबोर्डचा भरवसा नसतो, आज चाललेला बोर्ड सहा महिन्यांनी गंजामुळे बंद पडू शकतो. म्हणून त्यावर नवा खर्च लादण्यापेक्षा शहरातल्या कार्यालयांतून निघालेला, तपासून पुन्हा विकला जाणारा छोटा डेस्कटॉप घेणे हिशेबात बसते.

असा जुना डेस्कटॉप घेताना विचारायचा प्रश्न एकच: प्रोसेसर कितव्या पिढीचा? मोबाइलवर काढलेले बरेच व्हिडीओ आता एचईव्हीसी या दाबून भरलेल्या प्रकारात असतात. इंटेलच्या सहाव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमध्ये तो प्रकार उलगडण्याची सोय हार्डवेअरमध्येच आहे. त्याआधीच्या यंत्रावर हे काम सॉफ्टवेअरला करावे लागते आणि व्हिडीओ अडखळतो, आवाज पुढे आणि चित्र मागे राहते. फक्त गाणी, जुन्या सीडी, फोटो एवढेच हवे असेल तर चौथ्या पिढीचे यंत्रही चालेल. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी घातली की असले यंत्र एकदम तरतरीत होते. खर्चाच्या मानाने इतका फरक पाडणारी दुसरी दुरुस्ती नाही.

'सोडून दिलेले' सॉफ्टवेअर म्हणजे काय?

बंद पडलेले नव्हे. सोडून दिलेले सॉफ्टवेअर जुन्या यंत्रावर चालतच असते. त्याचा कर्ता ते नव्या यंत्रासाठी सुधारत नाही, त्यातले दोष दुरुस्त करत नाही आणि कधी कधी ते डाऊनलोडलाही ठेवत नाही. म्हणजे यंत्र बदलायची वेळ येईपर्यंत काही कळतच नाही. महाडमध्ये ती वेळ पुराने आणली. इतरांवर ती हळूहळू येते आहे.

टीव्हीला जोडलेल्या संगणकाचे सर्वात ठळक उदाहरण विंडोज मीडिया सेंटरचे. २००२मध्ये विंडोज एक्सपीच्या एका खास आवृत्तीतून ते आले, विंडोज ७मध्ये ते अनेक घरांत पोहोचले. दूरवरून रिमोटने चालवता येतील अशी मोठी अक्षरे, फोटो, गाणी आणि टीव्हीचे रेकॉर्डिंग एकाच ठिकाणी. २०१५च्या जुलैत आलेल्या विंडोज १०मध्ये ते नव्हते. ज्यांनी मोफत अपग्रेड स्वीकारला त्यांच्या यंत्रातून ते काढून टाकले गेले आणि त्याने केलेली डब्ल्यूटीव्ही या प्रकारातली रेकॉर्डिंग मागे राहिली. यातली जी कॉपी-बंदीच्या कुलपात नाहीत, ती एफएफएमपेग या मोफत साधनाने साध्या प्रकारात बदलता येतात.

टीव्ही ट्यूनर कार्डाचे दुखणे आणखी वेगळे. केबलची वायर थेट संगणकात घालून मालिका रेकॉर्ड करण्याची चैन अॅनालॉग केबलवर अवलंबून होती. सरकारने देशभर केबलचे डिजिटायझेशन टप्प्याटप्प्याने केले. ग्रामीण भागाचा चौथा टप्पा ३१ मार्च २०१७ला संपला. त्यानंतर सेट-टॉप बॉक्सशिवाय चित्रच नाही, आणि ही कार्डे धडधाकट असूनही निरुपयोगी झाली. शिवाय ३२-बिट एक्सपीसाठी लिहिलेला त्यांचा ड्रायव्हर ६४-बिट विंडोज स्वीकारत नाही. अशा कार्डावर वेळ घालवू नये. त्यावरून आधी केलेली रेकॉर्डिंग बहुधा साध्या एमपेग फाइली असतात, त्या तेवढ्या उचलाव्यात.

लग्नाच्या सीडीबद्दलही इथेच सांगायला हवे. 'कॉपी केली पण चालत नाही' ही तक्रार नेहमीची. व्हीसीडीतल्या एमपेगएव्ही या फोल्डरमधली डीएटी फाइल म्हणजे जुन्या एमपेग-१ प्रकारातला व्हिडीओच असतो. डीव्हीडीतल्या व्हीओबी फाइली म्हणजे एमपेग-२. विंडोज ८पासून डीव्हीडी चालवण्याची अंगभूत सोय मायक्रोसॉफ्टने काढली, म्हणून डिस्क खराब झाल्यासारखे वाटते. पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून निघालेला व्हीएलसी प्लेअर या दोन्ही फाइली चालवतो.

पिकासातली नावे कुठे जातात?

फोटोंच्या बाबतीत सर्वाधिक नुकसान होते ते इथे, आणि ते लक्षातही उशिरा येते. पिकासा हे गूगलने २००४मध्ये विकत घेऊन मोफत केलेले सॉफ्टवेअर. दहा वर्षे भारतातल्या घराघरांत फोटो पाहायचे म्हणजे पिकासा उघडायचे असे समीकरण होते. त्यात चेहरे ओळखण्याची सोय होती: एका फोटोत 'बाळाकाका' असे लिहिले की बाकीच्या फोटोंतले त्यांचे चेहरे ते शोधून पुढे करत असे. सुट्टीत आलेल्या नातवंडांनी आजीला शेजारी बसवून शेकडो चेहऱ्यांना नावे दिली, असे अनेक घरांत झाले असेल. १५ मार्च २०१६ रोजी गूगलने पिकासा बंद केले. आता आजी नाही, आणि ती नावे सांगणारे दुसरे कोणी नाही.

ही नावे फोटोत नव्हती. पिकासा प्रत्येक फोल्डरमध्ये 'पिकासा डॉट आयएनआय' नावाची एक लपलेली फाइल ठेवत असे. त्यात फोटोतल्या चेहऱ्याची जागा आणि त्या व्यक्तीची एक सांकेतिक खूण असायची. त्या खुणेचे नाव कोणते, ही यादी मुख्यतः वेगळ्याच ठिकाणी, सी ड्राइव्हवरच्या पिकासाच्या फोल्डरमध्ये 'कॉन्टॅक्ट्स' या फाइलमध्ये असायची. आता संगणक दुरुस्तीला दिल्यावर काय होते ते आठवा. 'डी ड्राइव्हवर डेटा आहे, तो ठेवा. सी फॉरमॅट करा.' फोटो सगळे वाचतात, दुकानदाराची चूक काहीच नसते आणि नावांची यादी पुसली जाते. किंवा फोल्डर उघडून आतले सगळे फोटो निवडून कॉपी केले जातात. लपलेली फाइल निवडीत येत नाही आणि मागे राहते. म्हणून फोटो निवडून नव्हे, पूर्ण फोल्डरच उचलावा, आणि फॉरमॅट करण्यापूर्वी सी ड्राइव्हवरचे वापरकर्त्याचे अख्खे फोल्डर बाजूला काढून ठेवावे. जागा लागते, लागू द्यावी.

जुना संगणक अजून चालू असेल तर यावर उपाय आहे. पिकासाच्या शेवटच्या ३.९ आवृत्तीत चेहऱ्यांची नावे फोटोच्या फाइलमध्येच लिहून ठेवण्याची सोय होती. ती वापरली की नाव फोटोबरोबर राहते, आणि डिजीकॅमसारखे आजचे मोफत सॉफ्टवेअर ते वाचू शकते. फोटोखाली लिहिलेल्या ओळी, म्हणजे कॅप्शन, जेपेग फोटोंच्या बाबतीत पिकासा आधीपासूनच फाइलमध्ये लिहीत असे, त्यामुळे त्या बहुधा शाबूत सापडतात. पिकासात केलेली काटछाट, रंगसुधारणा मात्र 'सेव्ह' केली नसेल तर मूळ फोटोवर दिसत नाही. ती पाककृती त्याच लपलेल्या फाइलमध्ये असते.

इथे एक तक्रार रास्त वाटते. मोफत दिलेली वस्तू कायम द्यावी असे कोणी म्हणणार नाही. पण बंद करताना 'तुमची नावे फोटोत लिहून देऊ का?' असे एक बटण सर्वांसमोर ठेवणे गूगलएवढ्या कंपनीला जड नव्हते. ती सोय होती, पण मेन्यूच्या आत दडलेली.

मराठीत लिहिलेली यादी चिन्हांची रांगोळी का होते?

फोटोंबरोबर घरोघरी आणखी काही असते: कुलवृत्तान्त, गावच्या देवस्थानाच्या मानकऱ्यांची यादी, गाण्यांच्या कॅसेटची वही टाइप केलेली. ही कामे २००० ते २०१०च्या दशकात श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टमध्ये झाली. या फॉन्टमध्ये संगणक प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरे आणि चिन्हेच साठवत असे. फॉन्ट त्यांना देवनागरीचे रूप देत असे. फॉन्ट नसलेल्या नव्या संगणकावर ती फाइल उघडली की आत निरर्थक रोमन चिन्हे दिसतात आणि 'फाइल करप्ट झाली' असे समजून ती काढून टाकली जाते. ती करप्ट नसते. वर्डमध्ये फॉन्टच्या चौकटीत कोणते नाव दिसते ते पाहावे. त्या नावाचा फॉन्ट मिळवून, किंवा त्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये रूपांतर करणाऱ्या साधनाने मजकूर परत मिळतो. रूपांतरात रफार, जोडाक्षरे आणि पहिली वेलांटी चुकतात, तेव्हा एकदा डोळ्यांखालून घालावे लागते. आडनावांच्या यादीत तर नक्कीच.

विंडोज १० आता वापरायचीच नाही का?

विंडोज ११साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७नंतरचा प्रोसेसर लागतो. घरातली असंख्य चालती यंत्रे या अटीत बसत नाहीत. कॅनालिस या संस्थेने २०२३च्या अखेरीस अंदाज वर्तवला होता की यामुळे जगभरातले २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतात. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरकर्त्यांना सुरक्षा दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत घेण्याची वाट ठेवली आहे. मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून सेटिंग्ज सिंक केल्यास त्यासाठी पैसेही लागत नाहीत.

पण टीव्हीला जोडलेल्या, इंटरनेटशी न जोडलेल्या संगणकाला याची इतकी घाई नाही. तो जसा काल चालत होता तसा उद्याही चालेल. धोका कुठे आहे तर त्याच यंत्रावरून बँकेचे व्यवहार करण्यात, वीजबिल भरण्यात, आणि लग्नघरातून फिरून आलेला पेनड्राइव्ह बिनदिक्कत लावण्यात. पिकासा, जुने फॉन्ट, मीडिया सेंटर यांच्यातून माहिती काढून घेण्यासाठी तर जुनी विंडोज चालू स्थितीत असणे हीच सोय आहे. ती पुसण्याआधी काम उरकावे.

मग पुढे? लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली चौथ्या-पाचव्या पिढीच्या यंत्रावर व्यवस्थित चालते. फक्त टीव्हीवर पाहणे-ऐकणे एवढेच हवे असेल तर लिब्रेएलेक घालावे, यंत्र सुरू होताच कोडीचा पडदा येतो, बाकी काही नाही. बरीच टीव्ही-रिमोटही त्याला चालतात. रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या बोर्डावरही ते चालते आणि वीज एखाद्या एलईडी दिव्याइतकी लागते. इन्व्हर्टरवर दिवस काढणाऱ्या घरात हा मुद्दा लहान नाही. एक इशारा मात्र आवश्यक: लिब्रेएलेक बसवताना ते ज्या डिस्कवर बसते ती पूर्ण पुसते. फोटोंची डिस्क त्या वेळी वायर काढून बाजूला ठेवावी.

ही मोफत सॉफ्टवेअरही उद्या सोडून दिली तर?

दिली जातातच. कोडीचा जन्म २००२-०३च्या सुमारास एक्सबॉक्स या खेळयंत्रासाठी झाला. ते यंत्र केव्हाच इतिहासजमा झाले, पण कोडीचा कोड खुला असल्याने इतरांनी तो संगणकावर आणला आणि २०१४मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. ओपनएलेक हा प्रकल्प रेंगाळला, तेव्हा २०१६मध्ये त्यातल्याच मंडळींनी लिब्रेएलेक वेगळे काढले. सर्वात बोलकी कुळकथा जेलीफिनची. विंडोज मीडिया सेंटरला जोडायचे मीडिया ब्राउझर नावाचे एक उपसाधन होते. मूळ मीडिया सेंटर मायक्रोसॉफ्टने सोडले, उपसाधन स्वतंत्र होऊन एम्बी झाले. एम्बीने २०१८मध्ये आपला कोड बंद केला, तेव्हा आधीच्या खुल्या कोडवरून काही जणांनी जेलीफिन उभे केले. आज घरातल्या वायफायवर, इंटरनेट नसतानाही, माजघरातल्या मोबाइलवर हॉलमधल्या संगणकावरचा व्हिडीओ पाहायचा तर ते सर्वात सोयीचे.

खुल्या सॉफ्टवेअरला मरण नाही असे नव्हे. पण त्याचा वारसा दुसऱ्याला चालवता येतो. पिकासाचा येत नाही, कारण त्याचा कोड गूगलने खुला केलेला नाही. तरीही घरच्या माणसाने भरवसा ठेवायचा तो सॉफ्टवेअरवर नव्हे, फाइलच्या प्रकारावर: फोटो जेपेग, आवाज एमपी३ किंवा फ्लॅक, व्हिडीओ एमपी४, मजकूर युनिकोडमध्ये. हे प्रकार वाचणारी साधने इतकी आहेत की त्यातले एखादे बंद पडले तरी अडत नाही. मूळ फाइल मात्र रूपांतर केल्यावरही फेकू नये.

जुने सॉफ्टवेअर कुठून तरी उतरवून घेणे कायदेशीर आहे का?

कंपनीने सोडले म्हणजे ते सार्वजनिक झाले, हा समज चुकीचा आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रामला साहित्यकृतीचा दर्जा आहे आणि संरक्षण दशकानुदशके टिकते. कंपनीने विक्री थांबवल्याने ते संपत नाही. मात्र त्याच कायद्याचे कलम ५२ कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला तिची राखीव प्रत करण्याची मुभा देते. दुसऱ्या प्रोग्रामशी जुळवून घेण्यासाठी आवश्यक माहिती, ती अन्यथा सहज मिळत नसेल तर, मिळवण्यालाही त्यात जागा आहे. म्हणून जुन्या सीडीवरचे, आपल्याच डिस्कवर असलेले इन्स्टॉलर जपून ठेवावेत. अनोळखी ठिकाणाहून उतरवलेल्या 'जुन्या पिकासा'बरोबर काय येईल हे सांगता येत नाही, हा कायद्यापेक्षाही व्यावहारिक मुद्दा.

केंद्र सरकारने २०२२मध्ये 'दुरुस्तीचा अधिकार' या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचे पोर्टलही सुरू झाले. तिथला भर सुटे भाग, माहितीपुस्तिका, सेवा केंद्रे यांवर आहे. बंद केलेल्या सॉफ्टवेअरमधून ग्राहकाला आपली माहिती बाहेर काढून देण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्यात अजून पुढे आलेला दिसत नाही.

दुसरी प्रत कुठे ठेवायची?

क्लाऊडवर, असे उत्तर येते. गूगल फोटोजने अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ रोजी बंद केली. महाडचा पूर त्यानंतर सुमारे सात आठवड्यांनी आला. आता मोफत १५ जीबीत ईमेलसकट सगळे बसवावे लागते. शिवाय दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते गूगल हटवू शकते. घरातल्या गेलेल्या माणसाच्या खात्यात फोटो असतील तर ते वेळेत उतरवून घ्यायला हवेत. हयातीतच 'इनअॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' या सोयीतून वारस नेमता येतो, फार थोडे लोक तसे करतात.

महाड-पोलादपूरच्या घरांना दुसरी एक सोय आहे. जवळपास प्रत्येक घराचे एक टोक मुंबई, ठाणे किंवा पुण्यात असते. एकसारख्या दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घ्याव्यात, दोन्ही एक्सफॅट या प्रकारात फॉरमॅट केलेल्या, म्हणजे विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर उघडतील. एक गावी, एक मुंबईला. गणपतीला येणाऱ्याने मुंबईची डिस्क सोबत आणावी, घरच्या संगणकावर नवे फोटो दोन्हींवर उतरवावेत आणि परतताना गावची डिस्क न्यावी. शिमग्याला पुन्हा अदलाबदल. प्रत्येक अदलाबदलीच्या वेळी दोन-चार जुन्या फाइली उघडून पाहाव्यात, कारण कपाटात ठेवलेली डिस्कही न सांगता मरते. गावची डिस्क आणि शक्य तर संगणकाचे कॅबिनेटही तळमजल्याच्या कोपऱ्यात न ठेवता माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर ठेवावे. ज्यांनी २००५ आणि २०२१ दोन्ही पाहिले, त्यांना पाणी कुठवर येते हे भिंतीवरच्या खुणेवरून माहीत आहे.

आणि ज्या फोटोंतल्या नावांची फाइल आधीच पुसली गेली आहे, त्यांच्यासाठी संगणकाचा उपाय नाही. ते फोटो टीव्हीवर एकेक करून लावायचे, घरातल्या सर्वात वयस्कर माणसाला समोर बसवायचे आणि तो सांगेल ती नावे, चुकीच्या शुद्धलेखनासकट, डिजीकॅममध्ये लिहीत जायचे. एका बैठकीत शंभरएक फोटो होतात.